आजची सही, तेव्हाची तारीख

"घर विकायला काढलं, तर त्यात ती निघाली," समोरच्या खुर्चीत बसता बसता काका म्हणाले.

ती म्हणजे त्यांची पहिली बायको. १९७६ साली घेतलेल्या घराच्या खरेदीखतावर 'पती आणि पत्नी' म्हणून दोघांची नावं होती. घटस्फोटात घर काकांकडे आलं, पण त्याचा कागद कोणी नोंदवलाच नाही. आता ऐंशीच्या घरात जिना चढवेना म्हणून काका-काकू मुलीजवळ राहायला निघालेले, घराला गिऱ्हाईक मिळालेलं, आणि घराची मालकी तपासून देणारी टायटल कंपनी म्हणते, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची प्रत आणा. तीन आठवड्यांत.

मी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका लहानशा वकिली ऑफिसात पॅरालीगल आहे. त्याआधी चार वर्षं पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात ज्युनिअर होते, त्यामुळे नकलेचा अर्ज टाकायचा आणि मग रोज जाऊन विचारायचं, हे अंगवळणी पडलेलं. इथे सल्ला देणं माझं काम नाही, ते माझ्या बॉसचं. कागद शोधणं माझं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

काकांनी आणलेल्या पिशवीत सगळं होतं. पहिल्या नोकरीचं पत्र, विकून टाकलेल्या गाडीच्या पावत्या, मुलीची प्रगतिपुस्तकं. हुकूमनामा नव्हता. कोर्टाचा एक पिवळा पडलेला कोरा फॉर्म होता. कोरा म्हणून मी तो बाजूला सारला. त्याच्याकडे पुन्हा येते.

"कुठल्या काउंटीत झाला होता घटस्फोट?"

"कॅलिफोर्नियात."

हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो. राज्यात ५८ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि घटस्फोटाची फाइल जिथे अर्ज झाला त्या काउंटीच्या कोर्टातच असते. राज्याच्या सॅक्रामेंटोतल्या कचेरीत १९६२ ते जून १९८४ पर्यंतच्या घटस्फोटांची नोंद मिळते खरी, पण तो नुसता दाखला. नावं, काउंटी, केस नंबर, संपलं. घर कोणाला दिलं ते त्यात नसतं, आणि तो दाखला यायला महिनोन् महिने लागतात. घटस्फोटाचा अर्ज करणारा किंवा समोरचा, दोघांपैकी एक जण त्या काउंटीत तीन महिने राहिलेला असावा लागतो. वेगळे झाल्यावर काका एका काउंटीत, बाई खाडीपलीकडे दुसऱ्या. म्हणजे दोन ठिकाणं. नावं मुद्दाम लिहीत नाही.

पहिल्या काउंटीत सोमवारी काही सापडलं नाही. मंगळवारी दुसरीकडे निघाले, तर काका ऑफिसच्या दारात हजर. "मी येतो. माझीच फाइल आहे." वास्तविक त्यांनी यायची गरज नव्हती. इथे घटस्फोटाची फाइल सहसा कोणीही मागून बघू शकतो, शेजारीसुद्धा. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कामकाज बंद दाराआड चालतं. इथे मी पहिल्यांदा एका परक्या माणसाचा संसार काउंटरवर मागितला तेव्हा मलाच चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

जुन्या केसेस कॉम्प्युटरवर नव्हत्या. मायक्रोफिशच्या पारदर्शक पट्ट्यांवर वर्षवार, आडनाववार सूची. काकांचं आडनाव १९७७, ७८, ७९, तिन्ही वर्षांत नाही. काउंटरवरच्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, शोधायला दहा मिनिटांहून जास्त लागली तर १५ डॉलर. म्हणून मी स्वतःच शोधत होते. स्पेलिंगं बदलून पाहिली. 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू', शेवटचा 'ए' काढून, घालून. काही नाही.

मग डोक्यात आलं. आपलं नाव म्हणजे तीन डबे: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. अमेरिकन टायपिस्टला तिसरा डबा कधी कधी जास्तीचाच वाटतो.

"काका, तुमच्या वडिलांचं नाव?"

"दत्तात्रय." (खरं नाव वेगळं आहे, लांबी तेवढीच.)

'डी'च्या पट्टीवर ते सापडले. दत्तात्रय हेच आडनाव, तेही शेवटचा 'य' गळालेलं, आणि खरं आडनाव मधल्या नावाच्या जागी कोंबलेलं. अर्जदार स्वतः काका. साल १९७८. मी केस नंबर चिठ्ठीवर लिहिला आणि काका हसले. "वडिलांना कळलं असतं त्यांच्या नावावर घटस्फोट लागलाय, तर चपलेनं हाणलं असतं मला."

फाइल मायक्रोफिल्मवर होती. रीळ चढवलं, पडदा उजळला. काळ्यावर पांढरी अक्षरं, सगळं उलटं, रात्री काढलेल्या फोटोसारखं. बाजूची मूठ फिरवायची आणि पानं सरकवायची. शिवाजीनगरला रुमालात बांधलेले गठ्ठे सोडताना जी धूळ नाकात जायची ती इथे नव्हती, पण छातीतली धडधड तीच.

सगळी मिळून अकरा पानं. लोकांना वाटतं घटस्फोटाच्या फाइलमध्ये भांडण असेल. १९७० पासून कॅलिफोर्नियात कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. असा कायदा करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन स्वतः घटस्फोटित. त्यामुळे 'जुळवून घेता न येण्यासारखे मतभेद' या चौकटीत एक फुली, की कारण संपलं. पाच वर्षांचा संसार आणि एक फुली. काका त्या फुलीकडे बराच वेळ बघत राहिले. मी मूठ फिरवली नाही.

मग निकालाचं पान आलं. फेब्रुवारी १९७९, न्यायाधीशाची सही, शिक्का, घर अर्जदाराला. "हेच!" काका म्हणाले. "पाच मिनिटांचं हिअरिंग. तिथून मी थेट कामावर गेलो होतो."

मीही प्रतीचा फॉर्म पुढे ओढला. तेव्हा मथळ्यातला एक शब्द डोळ्यांत खुपला. इंटरलॉक्युटरी. अंतरिम.

त्या काळी इथे घटस्फोट दोन टप्प्यांत व्हायचा. आधी अंतरिम निकाल. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून निदान सहा महिने झाले, की कोणीतरी एकाने अर्ज करून अंतिम निकाल नोंदवून घ्यायचा. जुलै १९८४ पासून ही पद्धत गेली. पण तोपर्यंत असंख्य लोक पहिल्या टप्प्यावरून उतरून घरी गेले होते, आपण शेवटच्या स्टेशनवर आलो असं समजून.

मी पुढची पानं फिरवली. पुढे दुसऱ्याच कोणाची केस सुरू झाली. मागे आले, पुन्हा पुढे गेले. केसमध्ये दाखल झालेल्या कागदांची यादी काउंटरवरून मागवली. शेवटची ओळ फेब्रुवारी १९७९ची. त्याखाली कोरं.

अंतरिम निकालाच्या त्याच पानावर छापील मजकूर होता. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकले आणि बोट ठेवून वाचू लागले. हा अंतिम घटस्फोट नाही. अंतिम निकाल नोंदला जाईपर्यंत दोन्ही पक्षकार पती-पत्नीच आहेत.

बोट तिथेच थांबलं.

"म्हणजे गं?"

काकांनी दुसरं लग्न १९८० साली केलं होतं. मिरजेहून नर्स म्हणून स्वतःच्या हिमतीवर इथे आलेल्या काकू, त्यांच्याशी. दोन मुलं, तीन नातवंडं. मला उत्तर माहीत होतं आणि ते माझ्या तोंडून जाणं योग्य नव्हतं. "आमच्या मॅडम सांगतील नीट," एवढंच म्हटलं. पण चेहरा लपवता येत नाही मला, कधीच आला नाही.

"तू सांग. मी इंजिनिअर माणूस आहे, मला ड्रॉइंग कळतं."

मग सांगितलं. कागदावर पहिलं लग्न सुटलेलंच नाही, म्हणून दुसरं उभं राहत नाही. आणि पहिल्या बाईंनीही पुढे लग्न केलं असेल, तर तेही नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं. "हा फॉर्म कोणी भरायचा होता?"

फॉर्म. पिवळा पडलेला, कोरा. मी पार्किंगमध्ये जाऊन पिशवी घेऊन आले. अंतिम निकालाच्या विनंतीचा छापील अर्ज, नावं टाइप केलेली, सहीची जागा रिकामी, कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली. तेव्हाच्या वकिलांनी सहीसाठी पाठवलेला असणार. 'सही केलेला कागद महत्त्वाचा, कोरा कचरा' या माझ्या सवयीने आदल्या आठवड्यात तो माझ्याच हाताखालून निसटला होता. तेव्हा ओळखला असता तर काकांना हे असं, पडद्यासमोर, परक्या लोकांच्या रांगेत कळलं नसतं.

"मला वाटलं बिलाबरोबरचं काहीतरी असेल," काका म्हणाले. "बिल भरलं होतं मी."

प्रती घेतल्या, पानाला ५० सेंट, वर शिक्क्याचे वेगळे. काउंटरवरच्या बाईंनी मथळा पाहिला, काकांकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाल्या, असे येतात अधूनमधून.

उपाय होता, आणि तो माहीत असल्यामुळेच गाडीत मी जरा श्वास घेऊ शकत होते. कॅलिफोर्नियाच्या फॅमिली कोडचं कलम २३४६. चुकीने किंवा दुर्लक्षाने निकाल नोंदायचा राहिला असेल, तर ज्या दिवशी तो नोंदता आला असता त्या तारखेपासून लागू होईल असा तो न्यायाधीश आज नोंदवू शकतात. लॅटिनमध्ये 'नन्क प्रो टन्क' म्हणतात. काकांना मी सांगितलं, आजची सही, तेव्हाची तारीख. १९७९ सालीच घटस्फोट पुरा झाला असं धरलं, की १९८०चं लग्न आपोआप उभं राहतं.

"आज हिला काही बोलू नकोस," ते म्हणाले. मी कशाला बोलते? पण दुसऱ्या दिवशी काकू स्वतःच ऑफिसात आल्या. काकांनी रात्री जेवताना सांगून टाकलं होतं. "चाळीस वर्षं या माणसाचे डबे भरले मी," त्या म्हणाल्या, "आणि हा म्हणतो, अंतरिम!" त्या हसल्या आणि मग पर्समधून रुमाल काढून खिडकीकडे तोंड करून बसल्या. मॅडमनी कायदा समजावला तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, मुलांना काही लागणार नाही ना. नाही, मॅडम म्हणाल्या.

पहिल्या बाईंना फोन मॅडमनी केला, मराठीत बोलायला मी. मला त्या फोनची सगळ्यात जास्त धास्ती होती. त्यांनीही १९८२ साली लग्न केलं होतं. ते गृहस्थ तीन वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांच्या नावावरची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, बाईंना मिळत होती. सगळं ऐकल्यावर पलीकडे इतकी शांतता, की फोन कटला असं मला वाटलं.

"त्यांनी तेव्हाही गॅसचं बिल कधी वेळेवर भरलं नाही," बाई म्हणाल्या. "कुठे सही करायची ते पाठवा."

घराचं काम त्यांच्या नोटरीसमोरच्या एका सहीने सुटलं. हक्क सोडल्याचं खत नोंदवलं आणि टायटल कंपनी गप्प झाली. हुकूमनाम्याला जास्त वेळ लागला. घर विकून झालं, खोकी बांधून झाली, तेव्हा तो आला. मी तो आणायला गेले त्या दिवशीही काका बरोबर होते. न्यायाधीशांच्या सहीखाली यंदाची तारीख, आणि वरच्या ओळीत १९७९.

"किती प्रती?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"तीन," काका म्हणाले. एक आपल्याला, एक मुलीच्या तिजोरीत. तिसरीचे पैसे त्यांनी वेगळे मोजून ठेवले आणि मोठं पाकीट माझ्याकडे सरकवलं. "ही तिला पाठव. आणि आडनावाचं स्पेलिंग नीट बघून घाल हो."