तुम्ही विचारलंत म्हणून: मॉडेल जसंच्या तसं जातं का?

आमचं ऑफिस इमारतींची त्रिमितीय मॉडेलं आर्चिकॅड या सॉफ्टवेअरमध्ये काढतं. रेव्हिट हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर. "मॅडम, तुमचं मॉडेल आर्चिकॅडमधून रेव्हिटमध्ये जसंच्या तसं जातं का?" हे मला शिकाऊ मुलं विचारतात, प्लंबिंगवाले विचारतात, आणि गेल्या वर्षी दादरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं. काका निवृत्त इंजिनीअर. पुनर्विकासात त्यांना मिळणाऱ्या फ्लॅटचं कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्रफळ, आमच्या कागदावर एक आणि बिल्डरच्या कागदावर दुसरं होतं. बिल्डरचं जवळजवळ 6 चौरस फुटांनी जास्त. काकांनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?"

सरळ उत्तर आधी देते. जसंच्या तसं जात नाही. आकार बहुतेक वेळा नीट पोहोचतो. ती वस्तू काय आहे, हे पोहोचेलच असं नाही.

दोन्ही सॉफ्टवेअरची भिंत मांडायची पद्धत वेगळी, म्हणून मधे दोघांनाही वाचता येणारा आयएफसी हा फाइल फॉरमॅट लागतो. तो कुणा एका कंपनीचा नाही. बिल्डिंगस्मार्ट ही संस्था तो सांभाळते आणि 2013 पासून तो आयएसओ 16739 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएफसीची फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक वस्तूची एक ओळ, त्या ओळीत ती भिंत आहे, दार आहे की स्लॅब, आणि तिचा 22 अक्षरांचा ओळख क्रमांक.

काकांना शेजारी बसवून मी बिल्डरला पाठवलेली आयएफसी फाइल उघडली. त्यांच्या बाथरूमला लागून पाइपांचा शाफ्ट आहे, 900 बाय 600 मिलिमीटर. म्हणजे 0.54 चौरस मीटर, तेच ते 6 चौरस फूट. 2016 च्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जागा धरायची, बाहेरच्या भिंतींची आणि सर्व्हिस शाफ्टची धरायची नाही. बिल्डरच्या टीमने आमचं मॉडेल रेव्हिटमध्ये लिंक करून त्यात रूम टाकल्या होत्या (रूम म्हणजे भिंतींपर्यंत पसरून क्षेत्रफळ मोजणारी खूण), आणि बाथरूमची रूम थेट शाफ्टमध्ये शिरली होती. शाफ्टची भिंत स्क्रीनवर दिसत होती. पण नोटपॅडमध्ये तिच्या ओळीत 'वॉल' नव्हतं, 'बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी' होतं. म्हणजे इमारतीतली काहीतरी वस्तू, कुठली ते माहीत नाही.

कारण आमच्याच ऑफिसात सापडलं. त्या भिंतीचा माथा बीमखाली तिरका कापायचा होता, वॉल टूलने पटकन जमेना, म्हणून आमच्या एका मुलाने ती आर्चिकॅडच्या मॉर्फ टूलने घडवली. मॉर्फ म्हणजे हवा तो आकार द्यायचा मातीचा गोळा. त्याला वर्गीकरण दिलं नाही तर तो प्रॉक्सी म्हणूनच बाहेर पडतो. रेव्हिटने त्याला जेनेरिक मॉडेल, म्हणजे नुसता ठोकळा, समजून घेतलं, आणि तसल्या ठोकळ्याने रूमची हद्द ठरली नाही. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. भिंत दिसत होती, म्हणून सगळे निर्धास्त राहिलो. मॉर्फ पुसून भिंत नव्याने काढली, फाइल पुन्हा पाठवली, दोन्ही कागद जुळले. आकडा आमचा बरोबर होता, पण चूकही आमचीच होती. मुंबईत माणसं 6 चौरस फुटांत वॉशिंग मशीन बसवतात, देव्हारा बसवतात. ती जागा मिळणार असं कागदावर सांगून ताब्याच्या दिवशी नाही म्हणणं मला सहन झालं नसतं.

मॉडेल भलतीकडे जाऊन पडतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. सर्व्हेअरचं ड्रॉइंग यूटीएमवर, म्हणजे नकाशांच्या मीटरमधल्या मोजणीवर, आलं की मुंबईचं नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, विषुववृत्तापासून मोजलेलं असतं, सुमारे 21 लाख मीटर. रेव्हिटला आपल्या अंतर्गत ओरिजिनपासून, म्हणजे शून्य बिंदूपासून, 16 किलोमीटरच्या आत काम हवं. त्यापलीकडे नेमकेपणा ढळायला लागतो. म्हणून ओरिजिन प्लॉटवरच धरायचा, आम्ही ए आणि 1 या ग्रिडच्या, म्हणजे कॉलमच्या आखणीरेषांच्या, छेदावर धरतो, आणि सर्व्हेचे आकडे वेगळे नोंदवायचे. एवढं केलं की स्ट्रक्चरलवाल्यांचे कॉलम आमच्या कॉलमवर बसतात.

दारं-खिडक्या रेव्हिटमध्ये नेऊन बदलायचा हट्ट मात्र सोडा. 900 मिलिमीटरचं दार तिकडे दार म्हणून दिसेल, पण त्याच्या मापांची सूत्रं आमच्याकडेच राहिलेली असतात. 1000 चं हवं असेल तर फोन करा, आम्ही बदलून नवी फाइल देतो. ज्याने जे काढलं त्यानेच ते बदलावं, याबाबत मी आता फार कडक झाले आहे. आणि फाइल उलट्या दिशेने, रेव्हिटकडून आमच्याकडे, येणार असेल तर रेव्हिटचं व्हर्जन आधी विचारा. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.

त्या प्रकरणानंतर कुठलंही काम सुरू करताना आम्ही पूर्ण मॉडेलच्या आधी एका खोलीचं मॉडेल पाठवतो. चार भिंती, एक दार, एक खिडकी, बीम, स्लॅब, कोपऱ्यात शाफ्ट. समोरच्याने ते उघडायचं, रूम टाकायची आणि क्षेत्रफळ फोनवर सांगायचं. आकडा जुळला की मगच पुढची फाइल. अर्धा तास जातो. शाफ्ट मी मुद्दाम 900 बाय 600 चाच ठेवला आहे.