चित्रांबद्दल दोनशे शब्द लिहिताना

माझ्या चित्रांत चिरेखाणी आहेत. रत्नागिरी-राजापूर भागात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभा दगडाचे चिरे, म्हणजे बांधकामाचे ठोकळे, कापून काढतात, त्या. कापून झाल्यावर उभ्या राहणाऱ्या भिंती, त्यांवर उमटलेल्या ब्लेडच्या रेघा आणि सगळीकडे बसलेली लाल भुकटी. तीच भुकटी मी रंग म्हणून वापरते. घरी आणून खलात घोटायची, मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची आणि डिंकाच्या पाण्यात कालवायची. मुंबईतल्या एका गॅलरीकडून सोलो शोची तारीख मिळाली तेव्हा चित्रं जवळजवळ पुरी झाली होती. राहिलं होतं ते स्टेटमेंट. तुमची प्रेरणा काय आणि कामामागची भूमिका काय, हे दोनशे शब्दांत लिहून पाठवा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, असं त्यांनी कळवलं.

प्रेरणा आधी येते आणि चित्र मागून, असं बहुतेकांना वाटतं. मी खाणीवर पहिल्यांदा गेले ती घराच्या गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीसाठी, चिरे ठरवायला. चित्राचा विचारही डोक्यात नव्हता. पुढे कागद-पेन्सिल घेऊन जायला लागले, तेव्हाही अमुक एक सांगायचंय असं काही नव्हतं. तिथल्या रेघा काढाव्याशा वाटत होत्या, एवढंच. आता त्यालाच प्रेरणा म्हणायचं तर ती वाक्यात कशी बसवायची?

म्हणून आधी इतर चित्रकार स्वतःच्या कामाबद्दल काय बोलतात ते वाचत बसले. सय्यद हैदर रझा लहानपणच्या शाळेची गोष्ट सांगत. मध्य प्रदेशातल्या त्या शाळेत मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्यांना त्याच्याकडे एकटक बघायला लावलं होतं. रझा १९५० साली फ्रान्सला गेले, आणि तो बिंदू त्यांच्या कॅनव्हासच्या मधोमध येऊन बसला तो त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी. मला या गोष्टीतली मधली वर्षं फार मोलाची वाटतात. ठिपका बघितला आणि बिंदू रंगवला, इतकं ते सरळ नव्हतं. सुधीर पटवर्धन ठाण्यात कित्येक वर्षं रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करत होते. त्यांच्या लिहिण्या-बोलण्यात रस्ता, लोकल, इमारती, कामावर जाणारी माणसं असतात, हाताला लागतील असे शब्द. नसरीन मोहम्मदींनी मात्र आपल्या बहुतेक चित्रांना साधं नावही दिलं नाही. शाईच्या त्या बारीक, एकसारख्या रेघांपुढे उभं राहिलं की नाव नसल्याचं काही अडत नाही. हा मार्ग मला मनापासून आवडतो, पण माझ्या कागदावरचा लाल रंग कुठून आला हे बघणाऱ्याला कळावं असं मला वाटत होतं. तेव्हा लिहिणं भागच होतं.

खरं काम झालं ते एका मैत्रिणीमुळे. ती कॉलेजात इतिहास शिकवते, चित्रकलेतलं शास्त्र तिला फारसं ठाऊक नाही. तिला घरी बोलावलं, चित्रं भिंतीला टेकवून ठेवली, फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, विचार काय विचारायचं ते. तिने प्रेरणेबद्दल अवाक्षर काढलं नाही. एका चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "अगं, ही रेघ इथे थांबायला हवी होती ना? पुढे का गेलीय?"

त्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. खाणीतलं ब्लेड गोल असतं. चिरा खालपर्यंत कापायचा तर गोल पातं कोपऱ्याच्या थोडं पुढे न्यावंच लागतं, नाहीतर तळाशी दगड अडकून राहतो. उभा काप आडव्याला ओलांडतो, आडवा उभ्याला. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर एक छोटी फुली उमटते. कापणी पुढे सरकून गेली की अख्ख्या पटांगणावर अशा फुल्या मागे राहतात. मी हे सांगत सुटले. मैत्रीण म्हणाली, "मग हेच लिही की."

रेकॉर्डिंग ऐकून सगळं उतरवून काढलं आणि मग छाटणी सुरू केली. कसोटी एकच ठेवली होती. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या चित्रकाराच्या प्रदर्शनात लावलं तर चालेल का? चालत असेल, तर खोडायचं. 'निसर्ग आणि मानव यांच्यातील नातं' गेलं. 'अवकाशाचा शोध' गेला. शब्द वाईट नाहीत, पण ते वाचून माझ्या चित्राकडे बघणाऱ्याला जास्त काही दिसत नाही.

एका बाबतीत बराच काळ अडले. सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेल्या प्राचीन आकृती, आहेत आणि चिरेखाणींमुळे त्यांना धोका आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मलाही त्याची काळजी वाटते. ते लिहिलं असतं तर स्टेटमेंट वजनदार झालं असतं, गॅलरीलाही आवडलं असतं. पण माझ्या एकाही चित्रात कातळशिल्प नाही. चित्रात नाही ते मजकुरात आणायचं नाही, असं ठरवलं. शिवाय मी स्वतः चिऱ्याच्या घरात राहते. खाणीकडे बाहेरच्या माणसासारखं बोट दाखवणं मला पटेना.

शेवटी मराठी मजकूर असा झाला, दोनशेपेक्षा पुष्कळच कमी:

"रत्नागिरीच्या सड्यावर चिरा कापताना गोल ब्लेड एकदा उभं जातं, एकदा आडवं. कोपऱ्यावर दोन्ही काप एकमेकांना ओलांडतात. ही चित्रं त्या ओलांडलेल्या रेघांपासून सुरू झाली. रंग त्याच खाणींतल्या भुकटीचे, डिंकात कालवलेले. कोरे ठेवलेले चौकोन म्हणजे उचलून नेलेले चिरे. ते आता कुणाच्या ना कुणाच्या घराच्या भिंतीत आहेत. मी राहते ते घरही अशाच चिऱ्यांचं आहे."

इंग्रजी नंतर केलं, आणि ते पटकन झालं. मराठीत काय म्हणायचं ते पक्कं झालं होतं.

शोमध्ये लोक मजकूर वाचून पुन्हा चित्राकडे जात आणि कोपरे शोधत. मला तेवढंच हवं होतं. सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न मात्र वेगळाच निघाला. मातीचा रंग आहे, मग उडणार नाही का? नाही उडणार. जांभ्याचा तांबडा आणि पिवळा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा असतो, गेरूही त्याच जातीचा. असे रंग उजेडाने फिके पडत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवरही तांबड्या-पिवळ्या मातीचेच रंग आहेत. जपायचं ते डिंकाला, कारण त्याला ओल सोसत नाही. म्हणून चित्रं काचेच्या फ्रेममध्ये लावायची आणि पावसाळ्यात भिंतीपासून थोडी लांब ठेवायची. पुढच्या प्रदर्शनाच्या मजकुरात हे आधीच घातलंय.