तेवढा एक आकडा

सकाळी दहाला वरच्या मजल्यावरून फोन आला. "मॅडम, परवा स्मृतिव्याख्यान आहे. प्रास्ताविकासाठी प्लाझ्मा भौतिकशास्त्रज्ञ प्रा. पी. के. काव यांचा एच-इंडेक्स हवाय. तेवढा एक आकडा द्या, अर्ध्या तासात होईल ना?"

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी ग्रंथपाल आहे. हल्ली पुस्तकांच्या देवघेवीपेक्षा असले आकडे काढण्यातच दिवस जातो. तुमच्या वीस पेपरांचा प्रत्येकी किमान वीस वेळा कुणी दाखला दिला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. ही शक्कल 2005 मध्ये हिर्श नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञानंच काढली, तेव्हा भौतिकवाल्यांनी तक्रार तरी कुणाकडे करायची?

डेटाबेसमध्ये नाव टाकलं, आकडा आला, कागदावर उतरवला. पावणेअकराही वाजले नव्हते. तेवढ्यात पीएचडी करणारी एक मुलगी काउंटरवर आली. सोलापूरकडची, बोलण्यात थेट. "मॅडम, 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स'चा 1970 चा खंड आहे का? काव आणि डॉसन यांचा पेपर पाहिजे. गाइड म्हणाले, मूळ पेपर वाचल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

हा पेपर माझ्या यादीत नव्हता.

यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. नाहीच. मग उलटीकडून शोधलं, तेव्हा तो सापडला 'पी. काव' या नावाखाली. 'पी. के. काव' वेगळे आणि 'पी. काव' वेगळे, असं यंत्रानं परस्पर ठरवून टाकलं होतं. एका 'के'पायी एका माणसाची दोन माणसं! आपल्याकडे हे नेहमीचं आहे. कुणी वडिलांचं नाव लावतं, कुणी गाळतं, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं तर विचारूच नका.

खंड तळघरातल्या रॅकवर होता. धूळ झटकत मी तिला विचारलं, "यात एवढं काय आहे गं? मला प्लाझ्मा म्हटलं की टीव्हीच आठवतो."

"तुमच्या लहानपणी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लागायचं ना? आमचे आजोबा सांगतात."

"लागायचं की. खरखर करत."

"ते वरच्या आयनोस्फिअरवर आपटून खाली यायचं. आयनोस्फिअर म्हणजे प्लाझ्माच, सुट्या इलेक्ट्रॉनांचा वायू. इलेक्ट्रॉन पुरेसे दाट असले की ते लाट आत घेत नाहीत, परत पाठवतात. प्रकाशाचंही तसंच. पण लेझर प्रचंड तीव्र असला, तर इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं हेलकावे खातात. आइन्स्टाइनच्या हिशोबानं ते जड होतात, मग त्यांना लाटेच्या तालावर पटकन हलता येत नाही, आणि जो प्लाझ्मा लाट परतवत होता, तोच तिला वाट देतो. हे गणित या दोघांनी 1970 मध्ये मांडलं. आणि तेव्हा एवढा तीव्र लेझर जगात कुठंही नव्हता!"

असे लेझर हाती येण्याचा रस्ता 1985 मध्ये स्ट्रिकलँड आणि मुरू यांच्या युक्तीनं खुला झाला. त्या युक्तीला 2018 चं नोबेल मिळालं. हल्ली मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्येही, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तसले लेझर चालतात, आणि या मुलीला तिथंच प्रयोगाला जायचं होतं. पेपर लिहिला गेला तेव्हा तिची आईसुद्धा शाळेत गेली नसेल.

मी वर येऊन अर्ध्या तासाचं काम पहिल्यापासून सुरू केलं. नावाची सगळी रूपं घेतली, एकेक पेपर उघडून संस्था ताडून पाहिली. डबा चार वाजता उघडला. काम किचकट, पण त्यात माणूस दिसायला लागतो. अठराव्या वर्षी, 1966 मध्ये, आयआयटी दिल्लीतून पीएचडी. मग प्रिन्स्टनला डॉसन यांच्यासोबत, मग अहमदाबाद, पुन्हा प्रिन्स्टन, आणि 1982 मध्ये कायमचे परत अहमदाबादला. 1986 मध्ये गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली, तिचे ते 2012 पर्यंत संचालक. 1989 मध्ये तिथं 'आदित्य' हा देशात बांधलेला पहिला टोकामॅक सुरू झाला. तापलेला प्लाझ्मा चुंबकी क्षेत्रात कोंडून ठेवायचं हे कडं, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासच कोंडला जायचा.

माझी खरी अडचण इथं झाली. 'आदित्य'ला एच-इंडेक्स कुठून देणार? 1992 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये त्यावरचा एक पेपर आहे. टोकामॅकच्या कडेला प्लाझ्माची जी खळबळ असते, ती एकसारखी नसून झटक्याझटक्यानं येते, असं त्यात दाखवलंय. लेखकांच्या नावांच्या शेवटी लिहिलंय, 'आदित्य टीम'. निर्वात पंप सांभाळणारे, कॉइल गुंडाळणारे, रात्रपाळीला बसणारे, सगळे त्या दोन शब्दांत. यंत्रानं अर्थातच 'टीम' नावाचा एक स्वतंत्र शास्त्रज्ञ केला होता.

मी आकडा दिला, आधीपेक्षा मोठा. सोबत दीड पानाचं टिपण जोडलं: 1970 चा पेपर, लेझर, आदित्य, टीम. सव्वापाचला पाठवलं. मुलगी अजून खंडावर वाकून वहीत समीकरणं उतरवत होती. फोटो काढ म्हटलं, तर म्हणाली, "लिहिलं की कळतं."

दहा मिनिटांत वरून उत्तर आलं. "छान. टिपण नको, वेळ कमी आहे. आकडा तेवढा ठळक करा."

केला.