पेटंट तुमच्या नावावर, मग पैसे कुठे गेले?

लग्नात जेवणाच्या पंगतीला, कॉलेजात व्याख्यान झाल्यावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही हा प्रश्न येतो. "दोन पेटंटं आहेत म्हणे तुमच्या नावावर? वर्षाला किती सुटतात?" आणि त्याच दमात दुसरा: "टर्बाइनचे इंजिनिअर तुम्ही, सोयाबीनच्या पिठात कसे शिरलात?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो.

मी वाफेचा माणूस आहे. साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून वाफ करतात, ती टर्बाइन फिरवते आणि टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या कमी दाबाच्या वाफेवर उसाचा रस आटतो. वीज आणि साखर एकाच वाफेवर. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनं 1878 मध्ये दुधातली साय वेगळी करणारं फिरतं यंत्र काढलं, आणि असली यंत्रं जोरात फिरवायला काहीतरी हवं म्हणून पुढच्या दशकात मिनिटाला 30,000 फेरे घेणारं वाफेचं टर्बाइन बनवलं. दुधाचं यंत्र आणि टर्बाइन एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली. त्यामुळे मी "शाखा बदलली" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

आता पैशांचं. माझं पहिलं पेटंट टर्बाइनच्या ग्लँडचं. फिरणारा शाफ्ट केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, बाहेर येतो तिथे वाफ अडवायला पातळ धातूच्या कडांचं सील असतं. ते झिजलं की वाफ शेजारच्या बेअरिंगच्या तेलात शिरते, तेलात पाणी होतं आणि साइट ग्लासमध्ये, म्हणजे तेल बघायच्या काचेत, सोनेरी तेल ताकासारखं पांढुरकं दिसायला लागतं. ऐन गाळपात यासाठी टर्बाइन थांबवावं लागलं, तर ऊस आत घेणाऱ्या गव्हाणीसमोर ऊस वाळत पडतो. वरचं केसिंग न उचलता सीलचे तुकडे बदलता यावेत, एवढीच आमची रचना होती. कंपनीनं ती बनवली, विकली, आम्हा तिघांना कौतुकाचं पत्र आणि एक चेक दिला. तिथे माझी तक्रार नाही. ती रचना कारखान्यांत चालली, मी ती चालताना पाहिली.

दुसऱ्या पेटंटबद्दल मात्र मला नीट सांगू द्या, कारण तुम्ही जे विचारता त्याचं खरं उत्तर तिथे आहे.

सोयाबीनचं कच्चं पीठ उग्र वासाचं असतं. त्यातलं एक एन्झाइम तेलाशी लागलं की तो वास तयार होतो. शिवाय प्रथिनं पचू न देणारा एक घटकही त्यात असतो. दोन्ही उष्णतेनं मोडतात. पण उष्णता जास्त झाली तर पीठ तांबूस होतं, प्रथिनं पाण्यात विरघळेनाशी होतात आणि बिस्किटवाला ते पीठ परत पाठवतो. म्हणजे काम थोड्या क्षणांत, सगळ्या कणांवर सारखं व्हायला हवं. वाफेनं ते होतं, पण वाफ कोरडी लागते. ओली वाफ गेली की पिठाच्या गोळ्या बनतात, बाहेरून शिजलेल्या, आत कच्च्या. टर्बाइनमध्येही वाफेतले पाण्याचे थेंब पात्यांची धार खातात, म्हणून ते आधीच काढावे लागतात. माझी नोकरीची पहिली वर्षं त्यातच गेली होती. पडत्या पिठावर कोरडी वाफ सोडण्याची जी पद्धत आम्ही बसवली, तिचं मूळ तिथलं. पहिल्यांदा पीठ नीट निघालं तेव्हा ऑपरेटरनं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, वासच नाही याला."

पेटंट मिळालं. संशोधक म्हणून माझं नाव, मालक म्हणून कंपनी. पुढे व्यवस्थापन बदललं, बाहेरून तयार प्रोटीन आणून विकणं सोपं वाटलं आणि आमच्या यंत्रावर ताडपत्री पडली. मी नोकरी सोडली.

नंतर लातूरकडचे एक प्रक्रिया उद्योजक माझ्याकडे आले. छोटा कारखाना, स्वतःचा बॉयलर, गावोगावचं सोयाबीन. त्यांना नेमकं हेच पीठ हवं होतं. मी त्यांना घेऊन जुन्या कंपनीत गेलो. लायसन्स द्या, रॉयल्टी घ्या, मला एक पैसा नको, असं सांगितलं. समोरचे अधिकारी वयानं माझ्या मुलाएवढे, बोलायला अदबशीर. त्यांनी फाइल उघडली, चहा मागवला, आणि म्हणाले, "सर, सध्या आमचं यात काही करायचं ठरत नाहीये. पण दुसऱ्याला द्यायचं, असंही धोरण नाही. तुमचं नाव आहेच ना सर त्यावर." लातूरचे गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटत होतं, ज्याचं नाव आहे त्यानं सही केली की झालं. मला त्यांना जिन्यातच समजावून सांगावं लागलं की मी काढलेली पद्धत मीच त्यांना दिली तर कंपनी त्यांच्यावर दावा लावू शकते. ते म्हणाले, "मग सर, तुमचं यात काय आहे?" एवढ्या वर्षांत मला कुणी यापेक्षा नेमका प्रश्न विचारलेला नाही.

तर हे आहे. पेटंट म्हणजे इतरांना मनाई करण्याचा हक्क. तो वापरून कमवायचं की कुलूप घालून ठेवायचं हे मालक ठरवतो. नोकरदार संशोधकाला मोबदला द्याच, असं आपल्या पेटंट कायद्यात कलम नाही. जर्मनीत 1957 पासून त्यासाठी वेगळा कायदाच आहे. वाफेच्या टर्बाइनचा ब्रिटिश संशोधक चार्ल्स पार्सन्स तर फर्ममध्ये भागीदार होता, तरी 1889 मध्ये फर्म सोडताना 1884 चं पेटंट त्याला तिथेच ठेवावं लागलं. स्वतःच्याच रचनेला बगल देऊन त्यानं वेगळ्या धाटणीचं टर्बाइन बनवलं आणि पुढे काही वर्षांनी जुने हक्क परत मिळवले. मी पार्सन्स नाही. माझ्याकडे कारखाना काढायला पैसा नव्हता आणि घरी दोन शिक्षणं चालू होती.

पेटंटची मालकी कंपनीला देणाऱ्या कागदावर सही करतानाचा पस्तिशीतला मी अजूनही माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, पगार त्यांचा, सोयाबीन त्यांचं, फसलेल्या शंभर चाचण्यांचा खर्च त्यांचा, मग मालकी दुसऱ्या कुणाची असणार? मला त्याला खोडता येत नाही. मी त्याला एवढंच विचारतो, की मालकी घेतली तर ती चालवण्याची जबाबदारी कुणाची? तो म्हणतो, कायद्यात तीही सोय आहे, पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि देशात वापरच नसेल तर कुणीही सक्तीचा परवाना, म्हणजे मालकाची संमती नसली तरी वापरायची परवानगी, मागू शकतो. आहे खरी. 2012 मध्ये कॅन्सरच्या औषधासाठी तसा परवाना दिलाही गेला. पण तिथे मागणारी औषध कंपनी होती. बॉयलरचं कर्ज फेडणारा लातूरचा माणूस मुंबईत वकील लावून किती फेऱ्या मारणार? यावर आमचं दोघांचं कधीच जुळलेलं नाही.

पुढे कंपनीनं पेटंट चालू ठेवायची नूतनीकरणाची फी भरणं बंद केलं. पेटंट ऑफिसच्या नोंदीत ते बंद पडलेलं मला दिसलं. फ्रँक व्हिटलचं जेट इंजिनाचं पेटंट 1935 मध्ये पाच पौंडांच्या फीसाठी असंच सुटलं होतं. त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते. इथे पैसे होते, रस नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी संध्याकाळभर कुणाशी बोललो नाही. बंद पडल्यावरही 18 महिने मालक ते पुन्हा जिवंत करायला अर्ज करू शकतो, म्हणून लातूरच्या गृहस्थांना मी थांबायला सांगितलं, आणि मुदत उलटल्यावर सगळी आकृती कागदावर काढून दिली.

त्यांचं पीठ आता निघतं. वाफेचा पाइप त्यांनी माझ्यापेक्षा वेगळ्या कोनात बसवलाय आणि त्यांचा निकाल माझ्याहून चांगला आहे. परवा फोन आला, "सर, याचं पेटंट घेऊ का?" मी म्हटलं, घ्या. कुणाला दाखवायच्या आधी अर्ज करा, स्वतःच्या नावानं करा, व्यक्तीला सरकारी फी बरीच कमी लागते. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. त्यांनी विचारलं, संशोधक म्हणून तुमचंही नाव घालू ना? मी म्हटलं, तो कोन तुम्ही शोधलात, तुमचं एकट्याचं घाला.