एकसारखा मिटलेला डोळा, दोन निराळे आजार

कोंबडी आजार लपवते. थव्यात दुबळी दिसणारी कोंबडी इतरांच्या टोचा खाते, म्हणून ती शक्य तितका वेळ नेहमीसारखीच वावरते. डोळ्याचा आजार मात्र तिला फार काळ लपवता येत नाही, आणि परसात कोंबड्या पाळणाऱ्याने तेवढी एक खूण ओळखायला शिकले तरी पुष्कळ जीव वाचतात, असे माझे मत या पावसाळ्यानंतर झाले आहे.

आमचे घर मुंबईतल्या मढला आहे. मागच्या परसात आम्ही गावरान कोंबड्यांचा छोटा थवा पाळतो. श्रावणातल्या झडीत एक तांबडी कोंबडी भर दिवसा उजवा डोळा मिटून उभी राहू लागली. तिला धरून उजेडात पाहिले तेव्हा डोळ्यापेक्षा आधी लक्षात आली ती तिच्या खांद्यावरची पिसे. उजव्या बाजूची पिसे ओली, चिकट आणि मातकट झाली होती, कारण डोळ्यातून येणारा स्राव ती त्याच पिसांवर पुसत होती. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे होते, डोळ्याखालचा भाग फुगला होता आणि कान जवळ नेला की श्वासाची घरघर ऐकू येत होती. त्याच आठवड्यात एका तलंगेनेही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीनेही, डोळा मिटला. दुरून पाहिले तर दोघींचे दुखणे एकच वाटत होते, पण तलंगेच्या डोळ्यात फेस नव्हता. तिच्या पापणीच्या कडेवर तिळाएवढे दोन करडे फोड होते आणि तसाच एक तुऱ्यावर होता.

दोघींना थव्यातून काढून पडवीत वेगवेगळ्या टोपल्यांखाली ठेवले, त्यांची पाण्याची भांडी निराळी केली आणि त्यांचे सगळे काम निरोगी कोंबड्यांचे झाल्यावर, शेवटी करायचे ठरवले. शेजारच्या काकींनी मायेने घरातले थेंब आणून दिले. काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते उरले होते. मी ते वापरले नाहीत, आणि याविषयी मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अशा थेंबांत बहुधा स्टेरॉईड असते. बुबुळावर ओरखडा किंवा जखम असताना स्टेरॉईड पडले, तर जखम भरण्याऐवजी खोल जाऊ शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. ओरखडा आहे की नाही, हे नुसत्या नजरेने कळत नाही. डॉक्टर तपासेपर्यंत औषधाच्या दुकानातले निर्जंतुक सलाईन घेऊन डोळा धुणे एवढेच घरी करण्यासारखे असते.

परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट या जनावरांच्या रुग्णालयात दोघींना न्यायचे ठरले. भोके पाडलेल्या दोन खोक्यांत त्यांना घालून मालाडपर्यंत रिक्षाने आणि पुढे लोकलच्या मालडब्यातून आम्ही गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंगाचा एक थेंब टाकला, सलाईनने धुतला आणि निळ्या उजेडात पाहिले. बुबुळावर जखम असली तर तेवढीच जागा हिरवी चमकते. तांबडीच्या डोळ्यात अशी एक बारीक रेघ चमकली. खाजवताना तिचेच नख लागले असावे, असे डॉक्टर म्हणाले.

फेस, सूज आणि घरघर यांवरून त्यांना मायकोप्लाझ्माचा, म्हणजे कोंबडीपालक ज्याला सीआरडी म्हणतात त्या श्वसनरोगाचा संशय आला आणि पुढे रक्ताच्या तपासणीने तो खरा ठरला. या जंतूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत, नसतेच, त्यामुळे पेशीभित्तिकेवर घाव घालणारे पेनिसिलिन येथे निरुपयोगी असते, ही गोष्ट मला तेव्हा समजली. टायलोसिन हे प्रतिजैविक पाण्यातून द्यायचे, तेही साऱ्या थव्याला, आणि डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत एकही अंडे खायचे नाही, असे ठरले. तलंगेला मात्र देवी होत्या. हा विषाणूचा रोग आहे. तो डासांच्या चाव्यातून पसरतो आणि त्यावर थेट औषध नाही. खपल्या ओढायच्या नाहीत, डोळा उघडा राहील एवढी स्वच्छता ठेवायची आणि जखमेत दुसरे जंतू शिरू द्यायचे नाहीत, इतकेच उपचार. ज्यांना कोणतीच लक्षणे नव्हती त्यांना पंखाच्या पातळ कातडीत देवीची लस टोचून घेतली. आठवड्याभराने टोचलेल्या जागी छोटी गाठ आली की लस लागू पडली, असे समजायचे.

घरी डोळा धुण्याचे काम दोघांचे असते. एकाने कोंबडीला जुन्या सुती लुगड्यात पंखांसकट गुंडाळून मांडीवर धरायचे. छाती दाबायची नाही, कारण कोंबडीला श्वास घेताना छातीचे हाड हलवावे लागते. दुसऱ्याने सलाईनची कुपी हातात धरून कोमट करायची आणि आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला हळूहळू धार सोडायची. तांबडीच्या पापणीखाली पनीरासारखा पिवळट घट्ट गोळा जमला होता. ओल्या कापसाचा बोळा त्यावर थोडा वेळ धरून ठेवला की तो सैल होऊन आपोआप बाहेर येई, कोरून काढावा लागत नसे. मग खालची पापणी किंचित ओढून डॉक्टरांनी दिलेले मलम तांदळाच्या दाण्याएवढे सोडायचे आणि डोळ्यावरून आडवा फिरणारा पांढरा पडदा ते पसरवेपर्यंत तिला धरून ठेवायचे. एका डोळ्याने पाहणारी कोंबडी दाणा चुकवते, म्हणून पांढऱ्या ताटलीत, रोज एकाच जागी आणि अंधार पडायच्या आत खाणे दिले पाहिजे. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढणाऱ्या कोंबडीला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्यानेही पापणीखाली असाच पनीरासारखा थर साचतो. म्हणून आहारात शेवग्याचा पाला आणि पिवळा मका घातला.

औषधाइतकेच महत्त्व मी खुराड्यातल्या हवेला देते. ओल्या तुसात विष्ठा कुजली की अमोनिया सुटतो, आणि तो दहा लाखांत पंचवीस भागांच्या पुढे गेला की डोळ्यांना व श्वासनलिकेला इजा होऊ लागते. उभे राहून वास घेण्यात अर्थ नाही, कोंबडीच्या उंचीवर बसून तो घ्यावा. डोळे चुरचुरले तर तूस त्याच दिवशी बदलावे. ओल्या तुसावर नुसता चुना भुरभुरवला तर अमोनिया उलट अधिक सुटतो, तेव्हा आधी ओले तूस काढणे भाग आहे. आम्ही भिंतीच्या वरच्या अंगाला जाळीची खिडकी पाडली, तिला डासांची जाळी लावली आणि परसातली उघडी पिंपे झाकली.

प्रत्येक सुजलेला डोळा घरी हाताळण्याजोगा नसतो. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मरू लागल्या, डोके सुजले, तुरा निळा पडला, तर तो बर्ड फ्लू असू शकतो, म्हणून त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तेथील पक्षी मोठ्या संख्येने नष्ट करावे लागले होते. बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याचा रंग करडा पडून बाहुलीची कड वाकडी झाली, तर तो मारेक हा विषाणूचा रोग असू शकतो. त्यावर इलाज नाही, लस पिल्लू अंड्यातून निघताच द्यावी लागते.

तलंगेच्या खपल्या आपोआप गळून पडल्या आणि तिचा डोळा पूर्ण उघडला. तांबडीच्या बुबुळावर एक पुसट पांढरा ठिपका राहिला आहे, पण ती दाणा नीट टिपते आणि अंडीही घालू लागली आहे. ती अंडी आम्ही आता घरात खातो. मात्र मायकोप्लाझ्मा बऱ्या झालेल्या कोंबडीतही टिकून राहतो आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. म्हणून काकींनी खुडूक कोंबडीखाली बसवायला अंडी मागितली तेव्हा मी त्यांना हे कारण समजावून सांगितले आणि या थव्याचे एकही अंडे उबवायला देणार नाही, असे स्पष्ट कळवले. हा थवा संपेपर्यंत बाहेरची नवी कोंबडीही आम्ही यात आणणार नाही.