नागपूर ते समुद्र : २६ जानेवारीच्या सुट्टीची आखणी

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

यंदा प्रजासत्ताक दिन सोमवारी येतोय. शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवस. मैत्रिणीचं म्हणणं स्पष्ट आहे : समुद्र हवा, आणि समुद्राला लागून नांदतं शहरही हवं.

नागपूरहून निघायचं तर आधी तास मोजावे लागतात, किनारा त्यानंतर. मुंबई सर्वांत सोयीची, दुरांतोत रात्री झोपलं की सकाळी सीएसएमटी. पण तिथे दोघींचेही नातेवाईक आहेत आणि दोन दिवस भेटीगाठींतच संपतील. गोव्याची थेट गाडी रोज नाही, आणि प्रवासात अख्खा दिवस जातो. चेन्नईला तामिळनाडू एक्स्प्रेस आणि ग्रँड ट्रंक आहेत, गाड्या उत्तम, पण ते शहर तीन दिवसांत उरकण्यासारखं नाही. पुरीला देवदर्शन आणि समुद्र दोन्ही, मात्र तिथे जायचं तर कोणार्क आणि चिलिकासाठी वेळ हवा.

राहिलं विशाखापट्टणम, म्हणजेच वायझाग. हजार किलोमीटरच्या आसपास, एका रात्रीचा प्रवास. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, स्टेशन शहरातच, आणि किनाऱ्याचा रस्ता शहरातून निघून भीमिलीपर्यंत पाण्याच्या कडेकडेने जातो. ज्यांना गाडीतून उतरल्यावर तासाभरात पाण्यात पाय बुडवायचे आहेत त्यांच्यासाठी हेच शहर योग्य. ठरलं.

१८ नोव्हेंबर

जायचे दोन मार्ग आहेत. एक दक्षिणेचा : बल्लारशा, वरंगल, विजयवाडा, राजमहेंद्री. या मार्गाने रोजची एपी एक्स्प्रेस जाते. ती दिल्लीहून संध्याकाळी निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर, तिसऱ्या दिवशी सकाळी वायझाग. दुसरा पूर्वेचा : गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा, विजयनगरम. समता एक्स्प्रेस याच मार्गाने जाते, पण रोज नाही.

तिसराही पर्याय आहे. सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत धावते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर हावडा मार्गावरची कोणतीही गाडी धरून दुर्ग गाठायचं, पहाटे वंदे भारत, शनिवारी दुपारी वायझाग. येताना सोमवारी दुपारी निघून रात्री उशिरा दुर्ग, आणि पुढची गाडी मिळाली की मंगळवारी पहाटे नागपूर. एकही रजा लागत नाही. पण जाताना अर्धी रात्र दुर्गच्या फलाटावर, येतानाही तेच, आणि मंगळवारी सकाळी ऑफिस. सुट्टी वाचते, झोप जाते. समुद्रावर जाऊन डोळे मिटत असतील तर त्या वाचलेल्या रजेला काय अर्थ?

म्हणून शुक्रवारी, २३ जानेवारीला एक रजा टाकायची आणि एपीने निघायचं. रविवारी रात्री वायझागहून परत, सोमवारी संध्याकाळी घरी. सोमवार हातात मोकळा राहतो तो चैनीसाठी नाही. जानेवारीत उत्तरेत धुकं असतं आणि दिल्लीहून येणाऱ्या गाड्या तासन् तास उशिरा येतात. एपी सहा तास उशिरा पोचली तरी वंदे भारतच्याच सुमारास वायझागला पोचू, म्हणजे काही गमावलं असं होत नाही. परतीची गाडी वायझागहूनच सुटते, पण डबे दिल्लीहून आलेलेच असतात. ते उशिरा आले तर सुटण्याची वेळही पुढे जाते. सोमवारी रात्री निघण्याचं ठरवलं असतं तर मंगळवारची रजा गेलीच असती, वर बुधवारचीही खात्री नसती.

२२ नोव्हेंबर

उद्या सकाळी आठला जायचं तिकीट.

इथे नागपूरकरांची हमखास फसगत होते, म्हणून नीट लिहून ठेवते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून (आधी एकशे वीस दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ झाले). पण हे साठ दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. आम्ही २३ जानेवारीला नागपुरात चढणार, पण ती गाडी दिल्लीहून २२ तारखेला सुटलेली असेल. म्हणून आरक्षण २४ नोव्हेंबरला नाही, २३ लाच उघडणार. एक दिवस उशिरा बसलं की वेटिंग आलेलं असतं, आणि साठ दिवस बरोबर मोजूनही असं का झालं ते कळत नाही. आपलं स्टेशन मधलं आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक लांबच्या गाडीला हा हिशेब करावा लागतो. परतीची गाडी वायझागहूनच २५ ला सुटते, तिचं आरक्षण २६ नोव्हेंबरला.

तत्काळचंही गणित हेच. नागपूरहून २३ चं तत्काळ २१ जानेवारीला उघडेल, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. ते कन्फर्म मिळालं तर रद्द केल्यावर पैसे परत नाहीत.

आजची तयारी : दोघींची नावं, वय, ओळखपत्र ‘मास्टर लिस्ट’मध्ये भरून ठेवली. आता आरक्षण उघडल्यावर सुरुवातीला आधार जोडलेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट मिळतं, म्हणून दोघींचंही आधार आजच तपासलं. पैसे ई-वॉलेटमध्ये टाकले, कारण बँकेच्या ओटीपीची वाट पाहताना नेमकी जागा जाते. दोघींनी आपापल्या खात्यावर लॉगिन करून ठेवायचं, पण तिकीट एकाच पीएनआरवर. दोन वेगळे पीएनआर झाले की डबेही वेगळे होऊ शकतात.

वेटिंग आलंच तर आकड्याआधी प्रकार बघायचा. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे जनरल वेटिंग, बरं. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्यावर असतं, त्यात दहा नंबरही सरकत नाही. अशा वेळी भोपाळ-नागपूर-वायझाग असं मागच्या स्टेशनापासून तिकीट काढून ‘बोर्डिंग पॉइंट’ नागपूर ठेवता येतो. थोडे पैसे जास्त जातात, जागा मिळण्याची शक्यता वाढते. मात्र बोर्डिंग बदलायचं विसरलं तर टीसी ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

२३ नोव्हेंबर

थ्री एसी, दोन्ही कन्फर्म, एक लोअर. आठ वाजून तीन मिनिटं.

७ डिसेंबर

राहण्याचं. बीच रोडवरची हॉटेलं महाग, आणि खिडकीतून समुद्र दिसण्यासाठी वर आणखी पैसे. आम्ही खोलीत असणार रात्रीच. आरटीसी कॉम्प्लेक्स-द्वारकानगरचा भाग स्टेशन आणि किनारा दोन्हींच्या मध्ये पडतो, रिक्षा आणि सिटी बस दोन्ही तिथून मिळतात. तिथेच बघायचं.

हॉटेलला एकच प्रश्न आधी विचारायचा : चेक-इन बाराचं की चोवीस तासांचं? सकाळी सहाला पोचलो आणि खोली बाराला मिळाली तर अर्धा दिवस बॅगा सांभाळण्यात जातो. ते जमणार नसेल तर स्टेशनची रिटायरिंग रूम पीएनआरवर ऑनलाइन मिळते. क्लोक रूमचाही पर्याय आहे, पण बॅगेला कुलूप नसेल तर ते बॅग घेत नाहीत. दोन छोटी कुलपं यादीत. रविवारी खोली सोडून रात्रीपर्यंत बॅगा कुठे ठेवायच्या हाही प्रश्न त्याच फोनवर सोडवायचा.

१४ डिसेंबर

मैत्रिणीला अराकू हवं होतं. कॉफीचे मळे, बोर्रा गुहा, किरंदूल लाइनवरचे बोगदे, काचेच्या छताचा डबा. हवंसं वाटण्यासारखंच आहे. पण अराकू शंभरहून अधिक किलोमीटर आत डोंगरात आहे. सकाळची गाडी वर पोचायला चारएक तास घेते, येताना रस्त्याने आणखी तितकेच. दोनातला एक दिवस डोंगरात गेला तर समुद्राला एकच उरतो. समुद्रासाठी निघालोय, तर समुद्रच. अराकूसाठी स्वतंत्र यावं, तेही चार दिवस काढून. तिला पटलं, आणि मलाही हे ठाम सांगून बरं वाटलं. दोघींच्या आवडीचं सगळं कोंबलेला बेत दोघींनाही थकवतो.

शनिवार : गाडी किती उशिरा येईल माहीत नाही, म्हणून वेळेला बांधलेलं काही ठेवायचं नाही. दुपारनंतर आर. के. बीच. तिथे कुर्सुरा ही पाणबुडी किनाऱ्यावर ओढून संग्रहालय केलंय. १९६९ साली नौदलात आली, २००१ ला निवृत्त झाली. सोमवारी बंद असते, आठवड्याच्या दिवशी दुपारनंतर उघडते, म्हणून शनिवारीच उरकायची. आत वाट अगदी अरुंद, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून वाकून पाय टाकावा लागतो. पाठीवर बॅग नको, साडी नको. समोरच टीयू-१४२ विमान आहे.

रविवार : सूर्योदय, मग किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला. कैलासगिरी, ऋषिकोंडा, तोटलाकोंडा, भीमिली, या क्रमाने. तोटलाकोंडा चुकवायचं नाही : टेकडीवर बौद्ध विहाराचे अवशेष, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, आणि समोर खाली सगळा बंगालचा उपसागर. सावली नाही, म्हणून अकराच्या आत. भीमिलीहून परतीला तीनच्या आतच निघायचं. संध्याकाळी शहरात शिरणारी गर्दी मोठी असते आणि गाडी रात्रीची आहे.

२१ डिसेंबर

पंचांग काढून बसले होते. २५ जानेवारीला रथसप्तमी, आणि तीही रविवारी! पूर्व किनाऱ्यावर, पाण्यातून वर येणारा सूर्य, त्या दिवशी. हा योग आम्ही जुळवला नव्हता, म्हणून त्याचं जास्त अप्रूप.

वायझाग नागपूरच्या पूर्वेला चारेक अंश. घड्याळ तेच, पण त्या दिवशी तिथे सूर्य साधारण साडेसहाला वर येईल, नागपुरात सहा पन्नास उलटून गेल्यावर. म्हणजे सहाला वाळूवर हवं. आधीची पंधरा-वीस मिनिटंच खरी रंगांची असतात. सूर्य वर आल्यावर धावत पोचून उपयोग नाही.

श्रीकाकुलमजवळ अरसवल्लीचं सूर्यमंदिर आहे, तिथे रथसप्तमीला फार मोठी गर्दी लोटते. आम्ही त्या बाजूला जाणार नाही, पण उत्तरेकडच्या बसेस भरलेल्या असतील. भीमिलीसाठी दिवसभराची रिक्षा किंवा टॅक्सी शनिवारीच ठरवायची, भाडं आणि थांबे बोलून.

दोघींच्या घरी हळदीकुंकू आहे. ते आदल्या आठवड्यातच उरकायचं, नाहीतर रविवारी फोनवर फोन.

४ जानेवारी २०२६

पाण्याबद्दल. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बेत आखताना सगळ्यात कमी बोललं जातं.

आपल्याला फुटाळा, अंबाझरी ठाऊक. तळ्याचं पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं पाणी ओढतं. वायझागच्या किनाऱ्यावर तळ लवकर खोल होतो आणि लाटा किनाऱ्याजवळ फुटतात. आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, ती एखाद्या अरुंद पट्ट्यातून मिळते, आणि त्या पट्ट्यातला ओघ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेतो.

तो पट्टा ओळखायची खूण उलटी आहे. दोन्हीकडे लाटा फुटून पांढरा फेस होत असतो आणि मध्ये एक जागा शांत, थोडी गडद, फेसाशिवाय दिसते. कधी त्यातून गढूळ पाणी आणि फेसाचे तुकडे आत जाताना दिसतात. माणूस सहज तिथेच उतरतो, कारण तिथे लाट नाही. लाट तिथे फुटत नाही कारण तिथे पाणी खोल आहे आणि परत जातंय. सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं. ओघ अरुंद असतो, बाहेर पडलं की लाटाच परत आणतात. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर.

आमचा नियम : आर. के. बीचवर घोट्यापर्यंत, बास. भिजायचं ते ऋषिकोंड्याला, जीवरक्षक असतात तिथे (२०२० साली या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं मानांकन मिळालं होतं), आणि तेही कमरेच्या आत, दोघींनी एकदम नाही. एक पाण्यात, एक काठावर. त्या दिवसांत अर्धा चंद्र, म्हणजे भांगाची भरती : पाणी उधाणाइतकं चढणार नाही. पण ओढ केवळ भरतीवर अवलंबून नसते, त्यामुळे नियम सैल करायचा नाही.

१८ जानेवारी

सामान. गाडीत एसीची थंडी आणि पहाटेसाठी एक स्वेटर. तिथे दुपारी सुती कपडेच हवेत. दमट हवेत कपडे एका रात्रीत वाळत नाहीत, म्हणून भिजण्याचा जोड वेगळा आणि त्यासाठी प्लास्टिकची जाड पिशवी. वाळूसाठी पट्ट्याची चप्पल. ओळखपत्र मूळ.

खाण्यात दशम्या. दोन वाट्या कणीक, चमचाभर तेल, मीठ, आणि पाण्याऐवजी साधारण पाऊण वाटी दूध. पीठ पोळीपेक्षा घट्ट, भाजताना आच मंद. डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्यायच्या, नाहीतर आतल्या वाफेने दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. सोबत जवसाची चटणी, गूळ, भाजलेले दाणे, आणि तिळगूळ. भाजी नको, सांडते. गाडी सहा तास उशिरा झाली तरी दोघींना पुरेल इतकं, म्हणजे बारा दशम्या.

तिथे गेल्यावर मात्र तिथलंच. सकाळी पेसरट्टू (मुगाचा डोसा), दुपारी थाळी, आणि तिखटाची धास्ती सावजीवर वाढलेल्यांनी घेऊ नये. गोंगुऱ्याची चटणी म्हणजे आपली अंबाडीच, एक बाटली घरी आणायची. माडुगुलचा हलवाही.

पैसे : दोघींनी सारखी रक्कम एका पाकिटात, रिक्षा-चहा-तिकिटं त्यातूनच. हिशेब मैत्रीण ठेवेल, वाटेतल्या गाड्यांकडे लक्ष माझं.

गुरुवारी रात्रीपासून गाडी कुठे पोचली ते बघत राहायचं. झोपण्याआधी दिल्ली सुटली का, आणि शुक्रवारी उठल्यावर भोपाळ. भोपाळला चार तास उशीर असेल तर घरून आठला निघायची गरज नाही. मात्र अर्धा-पाऊण तासाचा उशीर गाडी इटारसीनंतर भरूनही काढते, तेव्हा तेवढ्यावर विसंबून चहा घेत बसायचं नाही.