भिया, दो दिन की तो बात है

माझ्या कथेतलं प्रेत इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या समाधी-छत्र्यांपाशी सापडलं होतं. पहाटेचे चार, कान्ह नदीवर धुकं, इन्स्पेक्टरच्या ओठात विझलेली सिगरेट. चार रात्री जागून लिहिलेली आठ पानं मी भाच्याच्या हातात दिली. चिनू अकरावीत आहे. राजेंद्रनगरच्या आमच्या ओसरीवर, झोपाळ्यावर बसून, जिरावण-शेव घातलेले पोहे खाता खाता त्यानं ती संपवली.

"आत्या, यात मी कुठंय?"

मला वाटलं, गंमत करतोय. पण नाही. इन्स्पेक्टरला इथं कोणी इन्स्पेक्टर म्हणत नाही, टीआय (टाउन इन्स्पेक्टर) म्हणतात, इथपासून त्यानं सुरुवात केली. मग म्हणाला, "पहाटे चारला छत्रीवर कोण जातं? आमच्यात कोणाचं प्रेतबीत पडत नाही गं. आमच्यात अकाउंट फ्रीज होतं."

मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. आमचे आजोबा बावला खुनाची गोष्ट फार रंगवून सांगायचे. जानेवारी 1925, मुंबईची मलबार हिल, मोटारीत अब्दुल कादर बावला आणि इंदूर दरबारातून निघून गेलेली मुमताज बेगम. हल्लेखोर, गोळ्या, आणि गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी नेमके त्याच वेळी तिथं येतात. पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांना गादी सोडावी लागली. आजोबा इथं थांबून अडकित्त्यानं सुपारी कातरायचे. चिनूनं सगळं ऐकून घेतलं. "भारीच आहे. पण त्यात राजा आहे, आत्या."

तर मग नव्या खर्ड्यात अकाउंट. भंवरकुआँला क्लास, शेजारी होस्टेलं, खाली चहाची टपरी. शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं, वय सतरा. वरच्या मजल्यावरचा एक मोठा मुलगा चहाचे पैसे देतो, बाइक फिरवायला देतो, आणि महिन्याभरानं म्हणतो, "भिया, अकाउंट दे दे, दो दिन की तो बात है." पासबुक, एटीएम कार्ड, सिम. बदल्यात तीन हजार. पुढं नागपूरच्या कोण्या निवृत्त मास्तरांची फसवून उकळलेली रक्कम त्या खात्यात येते आणि काही मिनिटांत पुढं जाते. मास्तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करतात, खातं गोठतं, आणि नाव, पत्ता, फोटो सगळं या पोराचं असतं.

माझ्या पहिल्या खर्ड्यातला गुंड "बॉस" म्हणायचा. चिनूनं ते खोडून 'भिया' लिहिलं, म्हणजे इंदुरी 'भैया', आणि मी त्या एका शब्दापाशी कितीतरी वेळ बसून राहिले. अख्खं इंदूर भियावर चालतं. पोहे मागताना भिया, गाडीला गाडी घासली तरी भिया, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराच्या गर्दीत गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची प्लेट डोक्यावरून पुढं करणाराही भियाच. धमकी याच शब्दातून, याच सुरात आली तर? आवाज चढवायची गरजच नाही. धुक्यानं जे साधलं नव्हतं, ते या दोन अक्षरांनी साधलं. (नाशिकच्या मैत्रिणीला हे फोनवर समजावणं मात्र अवघड गेलं. तिच्या कानाला तो लाडच वाटतो.)

कोठडीतल्या पट्ट्याच्या माराचं पान माझ्या वकील दिरांनी बाद केलं. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं, आणि घ्यायला येणारे पोलिसही गणवेशात नसावेत, असा नियम आहे. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली एक तरी बाई. "नियम आहेत हो, पाळतात किती ते वेगळं," असंही ते म्हणाले. पण मला मिळायचं ते मिळालं. दुपारी तीनला साध्या शर्टातली दोन माणसं दाराशी उभी आहेत, आणि आईला वाटतं, गॅसवाले आले. तिनं त्यांना पाणीसुद्धा दिलंय. तो प्रसंग मी एका बैठकीत लिहिला.

आता अडलंय ते सातव्या पानावर. पोरगा पोलिसांना फारसा भीत नाहीच. त्याची सगळी भीती बाबांची आहे, आणि बाबा संध्याकाळी घरी येतात. त्यांचं बोलणं मी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. एकदा ते ओरडले, एकदा रडले, एकदा त्यांनी चक्क भाषण दिलं.

परवा चिनूला विचारलं. त्यानं पायानं झोपाळा थांबवला.

"काहीच बोलत नाहीत. डबाही पिशवीतून काढत नाहीत. स्कूटरची किल्ली परत उचलतात आणि म्हणतात, चल."

मी लिहून घेतलं. त्याला हे कुठून सुचलं, ते विचारायचं होतं, पण तेवढ्यात तो चपला घालून क्लासला निघालाही होता.